टेंपोतून आलेली उल्का

ये गं, अशी इकडे बस. लांब नको, जवळ. डाव्या कानाने मला आता कमी ऐकू येतं, तेव्हा उजवीकडे बस. आणि आधी बोलणी खा, मग लाडू खा. दिवाळीपासून दोनदा कर्जतला आईकडे येऊन गेलीस म्हणे. कर्जतपासून खोपोली पाचवं स्टेशन. पळसदरीला डोळा लागला तर उघडेपर्यंत खोपोली येतं. एवढं अंतर तुला पार होईना? फोनवर रोज एक ओळ येते, ‘गोळ्या घेतल्यास का?’ घेतल्या बाई, घेतल्या. गोळ्यांच्या डबीवर वार छापलेले असतात, ती बरोबर आठवण करून देते. नात त्यासाठी नसते.

तू समोर नाहीस हे मला कळतं. रिकाम्या पाटाशी बोलण्याइतकी अजून मी म्हातारी झालेली नाही. पण बोलल्याशिवाय मला लिहिता येत नाही, आणि लिहायचं तर आहे. त्या दगडाबद्दल. तू फोन ठेवलास तेव्हा माझं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं होतं. ते पुरं करते. आपल्या घरचं ज्यांना काहीच माहीत नाही त्यांनीही हे वाचलं तरी कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन खोपोलीत आले, तुझे आजोबा वीजघरात कामाला होते. एकदा घरच्या माणसांना आत बघायला सोडलं होतं तेव्हा मला घेऊन गेले. घाटावरून एवढाले पाइप खाली आलेले, त्यातून पाणी येतं आणि चाक फिरवतं. मी विचारलं, “पाण्याला ढकलतं कोण?” ते म्हणाले, “कोणी नाही. पृथ्वी ओढते.”

“मग पगार तिला द्यायला पाहिजे, तुम्हाला कशाला?”

तिथले साहेब हसले, आजोबा लाजले. पण दुसऱ्या दिवशी वाचनालयातून पुस्तक घेऊन आले, मुलांचंच, चित्रांचं. म्हणाले, “घे. तुझ्या प्रश्नांना मी पुरा पडायचा नाही.” तिथून माझी शाळा पुन्हा सुरू झाली ती अजून सुटलेली नाही. एकेक पान चारचारदा वाचायचे. कळलं नाही की भाकरीला बसायचे. पीठ मळता मळता कधी कधी कळून जायचं.

आणि खरंच, पहिली गोष्ट मला परातीतच कळली. सूर्याभोवती आधी नुसती धूळ नि वायू होता. धुळीला धूळ चिकटली, खडे झाले, खड्यांवर खडे आपटले. काही फुटले, काही जुळले. जो जरा मोठा झाला त्याची ओढ वाढली, मग त्याने आजूबाजूचं गोळा केलं, तो आणखी मोठा झाला. परातीत मोठा गोळा फिरवला की कडेचं सुटं पीठ त्याला येऊन मिळतं ना, तसं. आपल्या परातीत पाणी चिकटवतं, तिथे वजनाची ओढ. पण ग्रह झाले ते असे, आपटत आपटत. माझी समजूत होती की देवाने सुपारीसारखे एकेक घडवून ठेवले असतील. ते काही खरं नाही. धक्के खाऊनच सगळे गोल झालेत.

मग तू आलीस. तुझे आईबाबा तेव्हा खोपोलीतच राहायचे, दोघंही नोकरीला, म्हणून शाळा सुटली की तू माझ्याकडे. दुसरीत होतीस. दप्तर फेकायचीस, पेज प्यायचीस, आणि कुणाशी बोलायची नाहीस. शाळेतल्या बाई म्हणायच्या, मुलगी घुमी आहे. मी म्हणायचे, घुमी नाही, तिला अजून बोलण्यासारखं काही सापडलेलं नाही.

एके दुपारी मी परातीत तांदळाचं पीठ पसरलं, त्यावर नाचणीच्या पिठाचा पातळ थर दिला, आणि तुझ्या हातात मूठभर चिंचोके ठेवले. म्हटलं, “टाक एकेक.” तू टाकलास. खड्डा पडला, आणि तांबूस पिठावर पांढऱ्या रेघा चारी बाजूंना उडाल्या. तू पाटावर उभी राहून टाकलास, खड्डा मोठा पडला, रेघा लांब गेल्या. मग स्टूल मागितलंस. स्टुलावरून जो पडला त्याचं पीठ माझ्या चष्म्यापर्यंत आलं, आणि तू हसलीस. घरात तुझं हसू असं खणखणीत मी पहिल्यांदा ऐकलं.

मग आजोबांची दुर्बीण काढली. अष्टमीच्या आसपासचा दिवस होता, दुपारीच अर्धा चंद्र घाटाच्या डोक्यावर आलेला. मी म्हटलं, “बघ, त्याच्या परातीतपण कुणीतरी चिंचोके टाकलेत.” तू बराच वेळ बघत राहिलीस. मग आत गेलीस, एक चिंचोका तिरका मारलास, आणि मला हाक मारलीस.

“आजी, तिरका मारला तर लांबट खड्डा पडतो. मग चंद्रावरचे सगळे गोल कसे? सगळे दगड सरळच पडले?”

इतकी वर्षं वाचतेय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. म्हटलं, “मला माहीत नाही गं. शोधू.” शोधायला आपल्याला सव्वा महिना लागला, आठवतंय? वाचनालयातल्या बाईंनी मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक काढून दिलं. त्यात होतं की आकाशातला दगड इतक्या वेगाने येतो की तो टोचत नाही, फुटतो. आपटला की स्फोट. आणि स्फोट सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून दगड तिरका आला तरी खड्डा बहुतेक गोलच. तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, “चिंचोक्याचा वेगच कमी पडला.” चिंचोक्याची बाजू घेऊन बोललीस, मला फार गंमत वाटली.

त्यानंतर तुझं तोंड बंद होईना. गुरूचं सांगितलं तेव्हा तर तू लोळलीस. मी म्हटलं, गुरू म्हणजे लग्नघरातल्या मोठ्या काकू. त्या अंगाने जाड, जागच्या हलत नाहीत, पण जवळून जो जाईल त्याची वाट बदलते. पाणी प्यायला निघालेला माणूस काकूंजवळून गेला की नारळ आणायला शिळफाट्याला पोचतो. धूमकेतू सरळ आपल्या वाटेने चाललेला, गुरूने ओढला की कुणी सूर्याकडे, कुणी कायमचा बाहेर. कुणाला पृथ्वीपासून लांब ठेवतो, तर कुणाला पृथ्वीवरच घालतो. म्हणजे काकू रक्षणही करतात नि घोळही घालतात.

“आणि मंगळाच्या पलीकडे ते खडे खडे आहेत, त्यांचा ग्रह का नाही झाला?”

“काकूंच्या शेजारी बसून कणीक मळून बघ. सारखा कोपराला धक्का. गोळा होईल कधी?”

पुढे वर्षभर आईच्या कोपराला धक्का देत तू ‘मी गुरू’ म्हणत फिरलीस, आणि तुझी आई मला फोन करून विचारायची, हिला काय शिकवलंत?

हे सगळं खरं होतं, लक्षात ठेव. आता खोट्याकडे येते.

तिसरीत असताना तू परसात अळवाच्या कडेला खणत होतीस. धावत आलीस, दोन्ही हातांत एक दगड. काळा, नारळाएवढा, पण उचलताना मनगट वाकावं असा जड. वरून काचेसारखी चकाकती साय. मी नुकतंच वाचलं होतं की उल्केचा दगड काळा असतो, जड असतो, वर जळल्याची साय असते आणि त्याला चुंबक चिकटतं. आजोबांच्या बंद रेडिओतून स्पीकरचं चुंबक काढलं, लावलं. टक्कन चिकटलं!

तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. आणि मी म्हटलं, “हा आकाशातून पडलाय.”

तेव्हा मी खोटं बोलले नाही. मला मनापासून तसंच वाटलं. पण ‘माहीत नाही, शोधू’ हे तीन शब्द मला येत होते आणि त्या दिवशी ते वापरले नाहीत. तिथेच चुकले.

दगड तुळशीच्या कट्ट्यावर बसला. शेजारणींनी त्याला हळदकुंकू लावलं, मी पुसलं, त्यांनी पुन्हा लावलं. वाचनालयाच्या महिला मंडळात मला भाषणाला बोलावलं. सातवी शिकलेली बाई खुर्चीवर बसली आणि पदवीधर बायका खाली सतरंजीवर. मी परात घेऊन गेले, चिंचोके घेऊन गेले आणि शेवटी पदराखालून दगड काढला. ‘उल्कावाल्या काकू’ म्हणायला लागले मला. हे तुला सांगायलाच हवं. मला ते आवडायचं.

तू पाचवीत गेलीस त्या वर्षी फाटकाची बिजागरी तुटली. शिळफाट्याचे वेल्डिंगवाले चाचा आले. त्यांचं दुकान आपलं घर बांधलं तेव्हापासूनचं, आजोबांशी दोस्ती. काम झालं, चहा झाला, कपबशी ठेवायला ते तुळशीकट्ट्याजवळ गेले आणि दगड उचलून बघू लागले.

“भाभी, याला हळदकुंकू कशाला?”

मी रुबाबात म्हटलं, “आकाशातून पडलाय तो.”

चाचांनी दगड उलटा केला. खालच्या बाजूला बारीक बारीक भोकं होती. “हे बुडबुडे बघा. भट्टीतली स्लॅग हाय ही, भाभी. लोखंड वितळवलं की वर मळ येतो ना, तो काढून टाकतात, थंड झाला की असा होतो. थोडं लोखंड आत राहतं, म्हणून चुंबक चिकटतं. कारखान्यामागे ढीग पडायचे.”

“मग माझ्या परसात कसा येईल?”

चाचा मान खाजवत म्हणाले, “मागचा ओटा बांधलात तेव्हा भराव लागला होता ना? टेंपो मीच पाठवला होता.”

आता सांग, हसावं की रडावं? दोन वर्षं मी ज्याला अवकाशातला पाहुणा म्हणत होते, तो चाचांच्या टेंपोतून आलेला. आम्ही दोघंही इतके हसलो की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोपोलीत राहून भट्टीचा मळ ओळखू नये! ज्या धुराखाली संसार केला तो मला दिसला नाही, आणि नजर थेट मंगळापलीकडे.

हसून झाल्यावर मी म्हटलं, “चाचा, पोरीला सांगू नका.”

“का? ती तर हुशार हाय. आज ना उद्या तिला कळणारच. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटंल.”

“सांगेन मीच. योग्य वेळ बघून.”

ते म्हणाले, “योग्य वेळ टेंपोतून येत नाय, भाभी.” आणि हत्यारं गोळा करून गेले.

तुझ्याकडे बघून रोज ठरवायचे, आज सांगू. तू शाळेतून यायचीस, दगडाला हात लावायचीस, मग माझ्याजवळ बसायचीस आणि दिवसभराचं सगळं सांगायचीस. सहावीत, सातवीत, मैत्रिणी झाल्या तरी. मला वाटायचं, तू येतेस ती या दगडापायी. तो गेला तर तुझी वाट बदलेल. पोरी, एवढंच होतं. विज्ञानाची आवड मोडेल, मन दुखेल, ही सगळी मी स्वतःला सांगायची कारणं. खरी भीती माझी मला होती.

मग तू दहावी झालीस, बारावी झालीस, पुण्याला दगडांचाच अभ्यास करायला गेलीस. तेव्हा तरी सांगायचं! दिवाळीला आलीस, दगड जुन्या टॉवेलात गुंडाळलास आणि म्हणालीस, “आजी, सरांना दाखवते. नीट तपासून घेऊ.” मी दारात उभी होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, “डबा नीट ठेव, तेल सांडेल.”

आठ दिवसांनी तुझा फोन आला. सगळ्या वर्गासमोर तू दगड टेबलावर ठेवला होतास. सरांनी उलटा केला, भोकं बघितली, आणि चांगले होते म्हणून हळूच सांगितलं. पण मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “हिच्याकडे आकाशातून कारखाना पडला.” तू हे मला हसत हसत सांगत होतीस. आणि मग एकदम थांबलीस. माझ्या गप्प बसण्यातून तुला कळलं.

“आजी, तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“तू पाचवीत होतीस तेव्हापासून. पण अगं—”

तिथे तू फोन ठेवलास. आणि तुझं बरोबर होतं.

दिवाळी गेली, होळी गेली, आंबे आले नि संपले. कट्ट्यावर दगडाच्या जागी फिकट गोल डाग राहिलाय. मी रोज झाडते, तो जात नाही. एका संध्याकाळी जुनं पुस्तक घेऊन बसले, चंद्राच्या जन्माचं पान. मंगळाएवढा एक गोळा येऊन कोवळ्या पृथ्वीवर आदळला, दोघांचा चिखल वितळून आकाशात उडाला, आणि पृथ्वीच्या ओढीने तो उडालेला चिखल गोळा होऊन चंद्र झाला. निदान आजवर पटलेली गोष्ट ही. हे मी तुला मोठ्या हौसेने सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, बघ, धक्क्यातून किती छान झालं. आता वाचताना वाटलं, धक्का देणाऱ्याने असं म्हणू नये. ज्याला बसला त्याने म्हणावं, आणि तेही त्याच्या सवडीने. युरेनस बिचारा कधीच्या धक्क्याने आडवा पडलाय असं म्हणतात, अजून आडवाच फिरतोय. त्याला कुणी जाऊन सांगावं का, छान झालं म्हणून?

म्हणून मी तुला ते सांगत नाही. चुकले, एवढंच सांगते. हे ते राहिलेलं अर्धं वाक्य.

आणि आता एक काम सांगते. मागे वाचलं होतं की उल्का म्हणजे फक्त मोठे दगड नव्हेत. धूमकेतूंची, त्या मंगळापलीकडच्या खड्यांची बारीक धूळ रोज पृथ्वीवर पडत असते, सगळीकडे, छपरांवरसुद्धा. हवेत वितळून तिचे गोल मणी होतात, डोळ्याला दिसणार नाहीत एवढे. पन्हळीतला गाळ धुवून चुंबकाने वेचायचा. मी लगेच उठले, आणि लगेच बसले. खोपोलीतल्या छपरावर? इथे धुराड्यांतून, वेल्डिंगमधून तसलेच लोखंडाचे मणी उडतात. पुन्हा चाचांचाच माल सापडायचा! एकदा फसले, दुसऱ्यांदा नाही.

म्हणून धाकट्या बहिणीकडे गेले, भिवपुरीपलीकडे, शेतातल्या घरी. जवळपास कारखाना नाही. तिच्या नव्या पत्र्याच्या पन्हळीखाली परात धरली आणि गाळ काढायला लागले. ती कंबरेवर हात ठेवून उभी.

“आक्का, सत्तरी झाली ना गं तुझी? लोकं आपापली पन्हळ धुवत नाय, तू दुसऱ्याची धुतेस?”

“नातीसाठी करतेय.”

“नातीला चकल्या द्यायच्या सोडून चिखल देणार? म्हणून येत नाय ती!”

बोलली खरी, पण शिडी तिनेच धरली. तांदूळ धुतात तसा गाळ सात पाण्यांनी धुतला, वर येईल तो कचरा ओतून टाकला. खाली राहिला त्यात तेच रेडिओचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवलं. चिमूटभर काळी पूड मिळाली. बहीण वाकून बघत म्हणाली, “एवढ्यासाठी?” आणि मग हळूच, “आमच्या छपरावर काय काय पडतं गं वरून?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

इतकी वर्षं अडकलेले शब्द पटकन सुटले.

ती पूड मी माझ्या जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवली आहे. वर कागद चिकटवून लिहिलंय, ‘बहिणीचं छप्पर. काय आहे माहीत नाही.’ असेल धूमकेतूची धूळ, नसेल तर पत्र्याचा कीस, नाहीतर रस्त्यावरच्या गाड्यांचा. माझ्या भिंगातून नुसते काळे ठिपके दिसतात. तुमच्याकडे मोठं यंत्र असेल. तू बघ आणि मला सांग. पत्र्याचा कीस निघाला तरी तसंच सांग, मी चहा टाकेन आणि आपण तिघं हसू. चाचांनाही बोलावते, त्यांना हसण्याचा हक्क आहे.

आणि हो, तो दगड फेकला नसशील तर घेऊन ये. पुजायला नको. मागचं दार वाऱ्याने सारखं आपटतं, त्याला लावायला दुसरं काही एवढं जड घरात नाही. फेकला असशील तरी ये. राग पुरा झाला नसेल तर राग घेऊन ये, माझ्या उजव्या कानाशी बसून सगळा काढ, मी मध्ये बोलणार नाही. बरं, थोडंसं बोलेन.

कर्जतला थांबू नकोस, गाडी बदल आणि तशीच पुढे ये. पाच स्टेशनं. येत्या रविवारी जमतंय का बघ.